न बांधलेला नारळ

देवळाच्या मंडपात माणसं जमली होती. श्रीलंकेत मारल्या गेलेल्या जवान धोंडूच्या नावाचा स्मारकाचा चिरा देवळासमोर बसवायचा होता, आणि त्यावर काय कोरायचं तेच ठरत नव्हतं.

सरपंच हरिश्चंद्र म्हणत होते, "लढाईत कामी आला, असा लिवा."

"लढाई जाहीरच झालेली नाही," गोपाळकृष्ण मास्तर म्हणाले. "सरकार शांतिसेना म्हणतं. शांतता राखताना, असं लिहायला हवं."

"शांतता राखताना सुरुंग फुटतो, मास्तर?" सरपंचांनी विचारलं.

धोंडू मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता. मेलेल्या पोराला कुठल्या शब्दात बसवायचं यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, तरी घोडं तिथंच अडलेलं.

धोंडूची आई हौसा खांबाला टेकून बसली होती. शेजारी सखू. तिचा मुलगा केरू धोंडूच्याच पलटणीत, आणि अजून तिकडेच.

गावाची रीत अशी, की माणूस लढाईवर निघाला की घरच्या बाईनं गुरवाकरवी देवीला सांगून मंडपाच्या तुळईला नारळ बांधून घ्यायचा. तो परतला की सोडून फोडायचा. एकाहत्तरला हौसानं नवऱ्याचा बांधला होता. तो धडधाकट घरी आला होता.

शेवटी हरिश्चंद्रांनी तिलाच विचारलं, "हौसावैनी, तुमीच सांगा. काय लिवायचा?"

हौसानं तुळईकडे पाहिलं. तिथं एकही नारळ नव्हता; केरूचाही नाही.

"तो निघाला तवा मी नारळ काढलेला," ती म्हणाली. "तर हसला. आये, ही लढाई नाय, शांतिसेना हाय, देवीला कशाला तरास, असा सांगितलान. मी आयकला त्याचा. नारळ वाटून कालवणात घातला. त्याच्याच पानात वाढला."

सखूनं तिचा हात धरला. मंडपात कोणाला कोणाकडे बघवेना.

हात सोडवून हौसा उठली. पदराखालून नारळ काढून तिनं देवीचा गुरव भागोजी याच्यापुढे धरला.

"आता कोणाचा बांधू, हौसाबाय?" भागोजीनं हळूच विचारलं.

"सखूच्या केरूचा," हौसा म्हणाली. "आणि देवीला लढाई हाय म्हणूनच सांग."