ताडपत्रीखालचा तुकडा

इथे आखातात, माबेल्यात आमच्या खोल्यांमागे जमिनीचा एक तुकडा तीन वर्षं ताडपत्रीखाली नुसता पडून होता. भाजी लावायला मागितला, तर मालकाने, म्हाताऱ्या सालेम अर्बाबने, एकच अट घातली. "आधी आठ दिवस फक्त पाणी दे. कुदळ लावायची नाही."

याला शेतीतलं काय कळतंय, असं मनात म्हणत मी ताडपत्री काढली. रोज एसी दुरुस्तीच्या कामावरून आलो की त्या रेताड मातीत पाईप सोडायचो. गावाहून आणलेलं वांग्याचं बी पुडीतच राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी गेलो आणि जागच्या जागी थांबलो. मातीतून कोंब वर आले होते. तेही सरळ ओळीत, वीत-वीत अंतरावर. एक उकरून पाहिला. कडवा वाल, आमच्या रोह्याकडे लावतात तोच!

मी धावत जाऊन अर्बाबला घेऊन आलो. त्याने कडेला चपला काढल्या आणि ओळींपाशी खाली बसला.

"यूनुसने पेरलेत," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "श्रीवर्धनचा. वीस वर्षं होता माझ्याकडे. नमाज पढून येतो, मग पाणी देतो, म्हणाला. गेला, सज्द्यात कपाळ जमिनीला टेकलं, तो उठलाच नाही."

मी विचारलं, "मग एवढ्या वर्षांत तुम्हीच का नाही पाणी दिलं?"

एका कोंबावरची माती त्याने बोटाने हलकेच बाजूला केली.

"उगवलं नसतं तर?"