वळणापलीकडची हाक

ओढ्याच्या वळणापलीकडे ढासळलेल्या काठाखाली बायको सापडली, त्या दिवशी घड्याळजीच्या पिशवीत तळहाताएवढा अख्खा अमोनाइट होता. दगडात रुतलेले हे शंखासारखे जीवाश्म शोधत दोघं नवरा-बायको तीस वर्षं ओढे पालथे घालत होती आणि मोठा कुणाला सापडला यावरून घरी येईपर्यंत भांडत होती.

मातीखाली ती बराच वेळ जिवंत होती, असं डॉक्टर म्हणाले. लेक आली ती बापाच्या गळ्यातच पडली.

"बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हं. आईची एक हाक जरी ऐकू आली असती, तरी हातातलं टाकून धावला असता तुम्ही."

"हो गं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे ना! भांडलात कितीही, तरी जीव होता तुमचा तिच्यावर."



तिने चार हाका मारल्या होत्या आणि हिला आपल्यापेक्षा मोठा सापडला असणार या जळफळाटात त्याने "मिरवू नकोस, घरी दाखव!" असं ओरडून छिन्नी चालूच ठेवली होती, हे त्याने लेकीला अजून सांगितलेलं नाही.