रोज ताजा पाला

प्रयोगशाळेत पाला न घातलेल्या ताटलीतल्या कर्करोगाच्या पेशीही मेल्या होत्या. त्या ताटलीत नुसतं अल्कोहोल होतं, ज्यात भिजवून ती पानांचा अर्क काढायची. म्हणजे मारेकरी पाला नव्हताच. ही ताटली पहिल्याच खेपेला लावायला हवी होती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पहिला निकाल दिसताच तिने बाबांना फोन केला होता, "बाबा, पाल्याने पेशी मरताहेत!"

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत. त्यात त्यांना कर्करोग जडलेला. ती कधीमधी, कामातून सवड मिळाली तर चक्कर मारायची. त्या फोननंतर मात्र बाबांनी हट्टच धरला, काढा घेईन तर ताज्या पाल्याचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिने तर अख्खी जुडी हाती दिली. प्रयोगशाळेच्या बागेतली, दोऱ्याने बांधलेली, रोज एक. संध्याकाळी ती दोन मिनिटं टेकायची आणि बाबांच्या गप्पांत तासभर अडकायची. काढा कसा लागतो विचारलं की बाबा म्हणायचे, "छान. गोडसर." पाला तर जहर कडू. आजाराने बाबांच्या तोंडाची चवही नेली, या विचाराने परतताना तिला रडू यायचं.

आज ती रिकाम्या हातांनी आली. दारातच बांध फुटला.

"बाबा, माझं चुकलं. त्या पाल्यात काही नाही. त्याच्या भरवशावर तुम्ही इंजेक्शनं तर बंद केली नाहीत ना?"

"वेडी की काय! एकही चुकवलं नाही. बसने जातो, बसने येतो."

"एकटे?"

"मग काय, वरात काढू?"

बाबांनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि कपाट उघडलं. सगळ्या जुड्या तिथे होत्या, वाळून कुरकुरीत झालेल्या. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती.

बाबांनी चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. तिच्याकडे पाठ करूनच ते म्हणाले,

"दुसरं एखादं झाड शोध ना. फक्त पाला रोज ताजा आणावा लागेल, असं बघ."