परत घेतलेल्या ओळी

"हे मी बोलले?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. रेकॉर्डिंगमध्ये आहे."

समोर बसलेल्या मुलीचा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध होता, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं घरीच सगळं करणाऱ्या बायकांवर. मुलाखत छापण्याआधी जिची तिला दाखवायची, असं तिने ठरवलं होतं. बाकीच्या जणी पानं चाळून "ठीक आहे गं" म्हणून मोकळ्या झाल्या. काकू मात्र एकाच जागी बोट टेकवून बसल्या होत्या.

'त्या पहाटे सासूबाईंनी हाक मारली. मी जागीच होते. उठले नाही. परत हाक आली नाही.'

या ओळी उतरवून घेताना मुलीने रेकॉर्डिंग कितीदा तरी मागे नेऊन ऐकलं होतं. हल्ली नळ सोडला तरी तिला पाण्यातून तो आवाज यायचा, थकलेला, सपाट. सर तर खूश होते. "अख्ख्या प्रबंधाचा जीव यात आहे," म्हणाले होते.

"काढ हे," काकू म्हणाल्या.

"नाव बदललंय तुमचं. कोणाला पत्ता लागणार नाही."

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका दुपारचे आडवे झाले होते, आईच्याच खाटेवर.

"माझं नाव बदललंस. त्यांच्या आईचं काय बदलशील?"

प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा होता आणि त्यातलं एक प्रकरण याच ओळींवर उभं होतं. पण पहिल्या भेटीत, काकूंनी काही विचारायच्या आत, तिनेच सांगून टाकलं होतं, की नको वाटलं तर बोललेलं कधीही परत घ्या, कारण विचारणार नाही.

तिने फोन काढला आणि काकूंच्या डोळ्यांदेखत रेकॉर्डिंग पुसलं. मग लॅपटॉप उघडला. तिथली मुलाखत गेली. प्रकरणावर आल्यावर तिचा हात जरा अडला. मग तेही गेलं. छापील पानं काकूंनीच घेतली आणि बारीक बारीक फाडली.

"सर रागावतील?"

"चांगलेच. मग मी दुसरं प्रकरण लिहीन."

"तसं जमेल?"

"याच्यासारखं नाही जमणार."

काकू कपट्यांकडे बघत राहिल्या. "आता कुठे राहिलं नाही ना?"

"कुठेच नाही," मुलगी म्हणाली, आणि तिला काकूंच्या नजरेला नजर देता येईना.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. दाराशी पोचते तोच काकूंनी मागून तिचं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"इतक्यात नको ना जाऊस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "हे ठाऊक असलेलं माझं दुसरं कोणी नाही."