उरलेली टेप

डब्यावर आईचं नाव होतं आणि आत बाबा बोलत होते.

"पुलाचं काम प्रगतिपथावर असून तो लवकरच वाहतुकीस खुला होईल," बाबा एका दमात म्हणाले आणि श्वास न घेता हरवलेल्या बकरीकडे वळले. मालकाने ओळख पटवून ती घेऊन जावी, असं आवाहन होतं.

लेकीने मशीन बंद केलं. "काका, यात गाणं होतं ना?"

"होतं," टेपवाले काका म्हणाले. "त्यावर बातम्या भरल्या."

रेडिओ केंद्राच्या वर्धापनदिनाला जुन्या बातम्या आणि जुनी गाणी ऐकवायची होती. केंद्रातली सगळ्यात नवी निवेदिका म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. जुनं मशीन चालवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून निवृत्त झालेल्या टेपवाल्या काकांना घरून उचलून आणलं होतं. काम तिने कुरकुर न करता घेतलं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. कारण तिने सांगितलं नाही. तिची आई या केंद्रावर गायची. लेक रांगायला लागायच्या आत आई गेली. घरात आईचे फोटो होते, साड्या होत्या, चष्मा होता. आवाज नव्हता.

"नवी टेप मागितली की वरून उत्तर यायचं, जुनीच वापरा," काका म्हणाले. "बातम्या तर रोज टेपवर घ्याव्या लागायच्या. उद्या कुणी तक्रार केली तर ऐकवायला. मोठ्या गवयांच्या टेपा कुलपात. राहिल्या गावातल्या गाणाऱ्यांच्या. हाताला येईल ती लावायची, बातम्या संपल्या की मशीन बंद करायचं."

"आईच्यासुद्धा?"

"वहिनींच्यासुद्धा. त्या गेल्यावर तुझे बाबा साहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, घरच्या माणसाला वेगळा नियम नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे. आणि बातम्या वाचायला बसले."

तिने आईच्या नावाचा दुसरा डबा उघडला. त्यातही बाबा. पूल अजून प्रगतिपथावरच होता. तिसऱ्या डब्यात वाचनालयात साप निघाला होता. बाबांचा आवाज आला रे आला की ती बटण दाबायची आणि टेप बाजूला ठेवायची. ढीग वाढत गेला.

"एक्स्प्रेस सुटली की ऐकवत नाही, काय?" काका हसले.

केंद्रात बाबांना एक्स्प्रेस म्हणत. मागे कुत्रं लागल्यासारखे वाचायचे. बातम्या वेळेआधीच संपायच्या आणि उरलेल्या वेळात नुसतं वाद्यसंगीत लावावं लागायचं. त्यापायी बाबांना मेमो मिळाले. बढती मिळाली नाही. लोक समजून घ्यायचे. बिनआईचं पोर शेजारी ठेवून येतो बिचारा, घाई असणारच. लेकीनेही हेच धरून ठेवलं होतं. संध्याकाळच्या बातम्या बाबांनी कधी दुसऱ्याला दिल्या नाहीत, कधी रजा घेतली नाही, तिच्या शाळेतल्या एकाही नाटकाला ते आले नाहीत. राग यायचा तेव्हा ती स्वतःला सांगायची, निदान घाई तरी माझ्यासाठी करतात.

पुढची टेप तिने लावली आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबाच होते. नातीला सांभाळायला ते लेकीच्या घरी थांबले होते.

"अगं, हिचं पांढरं झबलं कुठंय? दूध सांडून घेतलंय सगळं अंगावर."

"कपाटात, खालच्या कप्प्यात."

"खालच्या कप्प्यात तुझ्या नवऱ्याचे मोजे आहेत."

"त्याच्या मागे बघा ना बाबा."

बटण दाबायचं राहून गेलं. मशीनमधले तरुण बाबा उद्याच्या पाणीकपातीपर्यंत पोचले. "बातम्या संपल्या," ते म्हणाले. खट्‌ असा आवाज झाला.

मग एक बाई गाऊ लागली.

आवाज बारीक होता, थोडा सर्दी झाल्यासारखा. शेवटची ओळ तिने दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना मध्येच थांबून दम घेतला. हार्मोनियम एकटी पुढे गेली आणि टेप संपली. चाक मोकळंच फिरत राहिलं. काकांनी ते बंद केलं नाही.

फोनवर नात काहीतरी बडबडत होती. बाबांनी तिला गप्प केलं.

"एवढंच उरलं होय?" बाबांनी विचारलं. "मला वाटलं होतं, जास्त असेल."

लेक खुर्चीत बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"कुठल्या दिवशी कुठली टेप लागणार, ते कुणाला माहीत असायचं? म्हणून मग रोजच लवकर संपवायचो."

"आणि रजा?"

"माझ्या जागी तो दुसरा आला असता. तो स्वल्पविरामालासुद्धा पाणी प्यायचा."

काका ढिगातली पहिली टेप उचलून पुन्हा मशीनवर चढवायला लागले.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू धावत गेली असतीस. आणि काही उरलंच नसतं तर?"

मग ती म्हणाली, "बाबा, मेमो घेतलेत. लोक हसायचे तुम्हाला. बातम्या कुणाला धड कळायच्यासुद्धा नाहीत."

"बातम्यांचं काय एवढं," बाबा सावकाश म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पेपरात यायच्याच."