देवराईची कमान

पर्यटक तपासणीच्या कमानीखालून बाहेर पडले. त्यांच्या बुटांचा चिखलसुद्धा तिने आत ठेवून घेतला. मग आतल्या पाड्यावरून साप चावलेल्या शेवंताची डोली आली आणि कमानीचा दांडा आडवा पडला.

"वनवस्तू. बाहेर नेता येणार नाही," कमान म्हणाली.

"बायको आहे माझी," भिवा गावकर म्हणाला.

"काका, काकूंचं हाडमांस इथल्याच पाण्यावर, नाचणीवर वाढलंय," पहारेकरीण म्हणाली. "देवराईतली काडीही बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम तुम्हीच घालायला लावलात."

"तिचं माहेर घाटावरचं. सोळाव्या वर्षी आली इथे. पुन्हा तपास."

कमानीने पुन्हा तपासलं.

"दात लहानपणीचे आहेत, बाहेरच्या पाण्याचे," ती म्हणाली. "दात नेता येतील."