निरांजनाची ऊब

रुमाल. किल्ल्या. फुटकं घड्याळ. तांब्याची पट्टी. अपघातानंतर शार्दूलच्या खिशातलं एवढंच घरी आलं.

ती पट्टी म्हणजे त्याच्या संशोधनाचा एकमेव नमुना: अतिसूक्ष्म कणांचं, पोलादाइतकं कणखर तांबं. प्रयोगशाळेचा फ्रीजर धुंडाळून थकलेली त्याची सहकारी रेवती वर्षभराने घरी आली.

"ही बघ," आई म्हणाली. "देव्हाऱ्यात असते, रोज निरांजनाला खेटून. त्याच्या हातची ना गं!"

रेवतीने पट्टी चाचणीसाठी मागून घेतली. उबेत त्या तांब्याचे कण मोठे होतात आणि ते मऊ पडतं; म्हणून तर ते फ्रीजरमध्ये ठेवायचं.

मशीनवर ताण देताच पट्टी साध्या तारेसारखी लांबली. शार्दूलचा दावा सिद्ध करायला आता काहीच उरलं नाही.

संध्याकाळी आईने फोन केला. "निघाली का गं कणखर?"

"खूप, काकू."

अपघाताच्या सकाळी शार्दूल चाचणीलाच निघाला होता.